कॉबचें ‘मुंबईचें देऊळ’ आणि रामा कामतीचें पत्र : एक साधनचिकित्सा

१

मुंबईच्या कोटांतील जुन्या इंग्रजी देवळाचा, म्हणजे आजच्या सेंट टॉमस कॅथीड्रलचा, इतिहास लिहूं जाणाऱ्यास एका लहानशा पुस्तकाकडे वळल्यावांचून गत्यंतर नसतें. हें पुस्तक रिचर्ड कॉब या पाद्र्याचें. तें १७६६ सालीं लंडन येथें छापून प्रसिद्ध झालें. ‘मुंबईचें देऊळ’ हें त्याचें नांव, आणि तें देऊळ कसें बांधलें गेलें व कसें पुरें झालें याची खरी हकीकत सांगणें हा त्याचा प्रकट हेतु. कॉब हा १७१४ त ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री म्हणून मुंबईस आला. देवळासाठीं लोकांस उद्युक्त करण्याचें काम त्यानेंच अंगावर घेतलें. आणि १७१८ च्या नाताळांत देऊळ उघडलें तेव्हां तोच तेथील पाद्री होता. म्हणजे पुस्तकाचा कर्ता तोच बव्हंशीं देवळाचाही कर्ता. असा साक्षीदार प्रत्यक्षदर्शी म्हणून मोलाचा, पण स्वतःच्याच कामाविषयीं बोलत असल्यामुळें जपून वापरावयाचा.

परक्या लोकांनीं, परक्या धर्मासाठीं बांधलेल्या या देवळाशीं पुण्याच्या संशोधकास काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर कॉबच्याच पुस्तकांत आहे. देऊळ उघडण्याच्या दिवशीं बाहेर जमलेल्या एतद्देशीय लोकांत तो एका गृहस्थाचा नांवानिशीं उल्लेख करतो. तो गृहस्थ रामा कामती. पुढें दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १७२० त, याच रामा कामतीवर कान्होजी आंगरे सरखेल यांस गुप्त पत्र लिहिल्याचा आरोप ठेवून इंग्रजांनीं त्यास जन्माचा बंदिवान केलें. एकाच माणसाविषयीं, एकाच गांवांत, एकाच राज्यकर्त्या समाजानें मागें ठेवलेल्या या दोन साक्षी आहेत. पहिली एका पाद्र्याच्या पुस्तकांत आहे; दुसरी एका देशी पत्राच्या इंग्रजी भाषांतरावर उभी आहे. प्रस्तुत लेखांत दोहोंस एकच कसोटी लावून पाहिली आहे. निष्कर्ष प्रथमच सांगून टाकतों. कॉबचें पुस्तक, त्यांतील आत्मप्रौढी वजा घालूनही, कसोटीस उतरतें. ज्या पत्रानें रामा कामती बुडाला तें पत्र उतरत नाहीं.

२

कॉबच्या पूर्वींची हकीकत आधीं पाहूं. पोर्तुगीजांकडून आंदण म्हणून मिळालेलें मुंबई बेट इंग्लंडच्या राजानें १६६८ त कंपनीस सालीना १० पौंड खंडानें दिलें. पुढील वर्षीं जेराल्ड आंजियर हा अधिकारावर आला आणि १६७७ त सुरतेस मरण पावेपर्यंत त्यानें मुंबईची घडी बसविली. गांवांत इंग्रजांचें एक मोठें देऊळ असावें ही कल्पना त्याची. काम सुरू झालें, भिंती सुमारें १५ फूट चढल्या, आणि तेथेंच थांबल्या. त्या तशाच चाळीस वर्षें उघड्यावर उभ्या राहिल्या. तोंपर्यंत उपासना किल्ल्यांतील खोल्यांतून होत असे. आंजियरच्या इच्छेची एक खूण मात्र शाबूत राहिली आहे. १६७५ सालीं त्यानें मुंबईच्या ख्रिस्ती समाजास अर्पण केलेला रुप्याचा पेला या देवळाच्या संग्रहांत आहे. देवळाच्या दगडांपेक्षां त्याचें रुपें वडील आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

भिंती कां थांबल्या? याचें एक चटकदार उत्तर अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी व्यापाऱ्यानें १७२७ त प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत दिलें आहे. देवळासाठीं जमलेला पैसा सर जॉन चाइल्ड यानें घशांत घातला, असा त्याचा आरोप आहे. हें विधान पुढील लेखकांनीं एकमेकांच्या आधारानें इतके वेळां उतरविलें आहे कीं तें आतां सिद्ध गोष्टीसारखें वाटूं लागलें आहे. परंतु हॅमिल्टन कोण होता हें ध्यानांत घेतलें पाहिजे. कंपनीच्या मक्त्याबाहेर स्वतंत्र व्यापार करूं पाहणाऱ्या वर्गांतील तो माणूस. आणि अशा लोकांचा कट्टर वैरी म्हणजे चाइल्ड. वैऱ्यानें वैऱ्याविषयीं, तोही मेल्यावर, केलेलें विधान एकटें उभें असेल तर तें आरोपाच्या पायरीवरच ठेवावें लागतें.

शिवाय दुसरीं कारणें डोळ्यांपुढें आहेत. १६८३ च्या अखेरीस मुंबईच्या शिबंदीनें रिचर्ड केजविन याच्या हाताखालीं कंपनीविरुद्ध बंड केलें व पुढें सुमारें वर्षभर बेट कंपनीच्या हातीं नव्हतें. १६८९ त जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान बेटावर उतरला आणि किल्ल्यापर्यंत येऊन भिडला. औरंगजेबाकडे वकील पाठवून, दंड कबूल करून इंग्रजांस आपली सुटका करून घ्यावी लागली. चाइल्ड त्याच धामधुमींत १६९० त वारला. ज्या बेटावर राज्यकर्त्यांस स्वतःच्या डोक्यावरील छप्पराची शाश्वती नव्हती तेथें देवळाच्या भिंती अर्धवट राहिल्या यांत नवल तें काय? चाइल्डनें पैसे खाल्ले असतील किंवा नसतीलही. पण त्याच्या खाण्यावांचूनही भिंतींचें थांबणें समजतें.

३

आतां कॉबचा काळ. १७१५ त त्यानें व्यासपीठावरून देवळाचा विषय काढला. गव्हर्नर एस्लाबी याच्या कारकीर्दीचे ते शेवटचे दिवस होते. त्याच्या मागून त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर झाला, व त्याच्या राजवटींत गांवाभोंवतीं तट उभा राहिला आणि तटाच्या आंत देऊळही पुरें झालें. तटाच्या ज्या दरवाजांतून देवळाकडे वाट जाई त्यास चर्चगेट म्हणूं लागले. १८६० नंतरच्या दशकांत तट पाडले गेले, दरवाजा गेला, पण नांव राहिलें. आज तें रेल्वेच्या स्टेशनाचें नांव म्हणून लाखों लोकांच्या तोंडीं आहे. मुंबईचे जुने मैलाचे दगडही याच देवळापासून अंतर मोजून बसविलेले होते.

वास्तूचें वर्णन कॉबनें जाणत्या माणसासारखें केलें आहे. त्याच्या सांगण्याचा सारांश असा : छत दगडी कमानींच्या तीन ओळींचें, तें तोलण्यास खांबांच्या दोन रांगा, पूर्वेच्या टोंकास, जेथें पवित्र भोजनाचें मेज ठेवावयाचें, तेथें एक मोठा अर्धघुमट, लंडनच्या सेंट पॉलच्या देवळासारखा, तेथें चढण्यास तीन पायऱ्या आणि मधें कठडा. देवळांत घुमणाऱ्या प्रतिध्वनीचा त्यास विशेष अभिमान वाटतो. आकारानें आपलें देऊळ मद्रास व बंगाल येथील इंग्रजी देवळांपेक्षां आणि मुंबईंतील पोर्तुगीज देवळांपेक्षां मोठें असून पुढें कधीं कॅथीड्रल करावयाचें झाल्यास तेंही यांत भागेल, असें तो म्हणतो.

यांतील किती खरें? आजची वास्तु कॉबची वास्तु नव्हे. १८३७ त मुंबईस स्वतंत्र बिशप नेमला गेला. टॉमस कार हा पहिला. त्याबरोबर या देवळास कॅथीड्रलचा दर्जा आला व पश्चिमेस आजचा उंच घड्याळाचा मनोरा चढला. पुढें १८६० नंतरच्या दशकांत जेम्स ट्रबशॉ या वास्तुशिल्पज्ञाच्या योजनेप्रमाणें पूर्वेचा भाग पाडून तेथें टोंकदार कमानींचें, गॉथिक धर्तीचें नवें गर्भस्थान बांधलें. म्हणजे कॉबचा अर्धघुमट गेला. पश्चिमेच्या द्वारापुढील कारंजें तर त्याहून नवें. तें सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीचें व इंग्लंडांतील प्रसिद्ध शिल्पज्ञ गिल्बर्ट स्कॉट याच्या आराखड्याचें. अलीकडे या वास्तूची काळजीपूर्वक डागडुजी झाली आणि २००४ सालीं युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागानें तिचा गौरव केला. परंतु ही डागडुजी जी वास्तु जतन करते ती तीन शतकांची मिळून झालेली आहे.

तरीही मधलें दालन, दोन बाजूंचीं दालनें आणि मधील खांबांच्या रांगा हा मूळ सांगाडा कॉबच्या वर्णनाशीं जुळतो. येथें साधनचिकित्सेचा साधा नियम लागू पडतो. साक्षीदाराचें जें विधान पडताळतां येतें तें खरें ठरलें, तर जें पडताळतां येत नाहीं त्यासही वजन येतें. अर्धघुमट आज नाहीं. परंतु खांबांविषयीं खरें बोलणारा कॉब अर्धघुमटाविषयीं खोटें बोलला असें मानण्यास कारण नाहीं. कॅथीड्रलविषयींचें त्याचें विधान हें मात्र वर्णन नव्हे, अभिमान आहे; तें पुढें एकशेंवीस वर्षांनीं खरें ठरलें म्हणून तो कांहीं पुरावा होत नाहीं.

नांवाविषयींही एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. कॉब आपल्या देवळास कोठेंही सेंट टॉमसचें देऊळ म्हणत नाहीं; त्याच्या लेखीं तें केवळ ‘मुंबईचें देऊळ’. सेंट टॉमसच्या नांवानें त्याची विधिपूर्वक प्रतिष्ठा १८१६ त कलकत्त्याचा पहिला बिशप मिडल्टन यानें केली. तेव्हां ‘१७१८ त सेंट टॉमस चर्च उघडलें’ असें लिहिणें म्हणजे शाहू महाराजांच्या काळच्या पत्रांत उत्तर पेशवाईंतील किताब घालण्यासारखें आहे. जुन्या कागदांत असा किताब आढळला कीं आपण तो कागद बाजूस काढतों. तोच कस इमारतींच्या इतिहासासही लावला पाहिजे.

भिंतींवरील स्मारकशिलांसही हेंच लागू. त्यांत गव्हर्नर जोनाथन डंकन याचें संगमरवरी स्मारक प्रसिद्ध आहे. वसईचा तह झाला तेव्हां, म्हणजे १८०२ च्या अखेरीस, मुंबईच्या गादीवर हाच होता. १८११ त तो मुंबईसच वारला. काशी व काठेवाड येथील बालहत्या त्यानें बंद केली असें तें स्मारक सांगतें. त्याचा प्रयत्न खरा, परंतु त्या चालीविरुद्ध सरकारास १८७० त कायदा करावा लागला यावरून शिलेचा शब्द कोठवर घ्यावा हें दिसतें. आपल्या ताम्रपटांतील प्रशस्ति जशी वाचावी तशीच ही वाचावी : माणसाचें नांव, हुद्दा व काळ यांसाठीं विश्वासानें, आणि पराक्रमासाठीं दुसरा आधार मिळेपर्यंत हात राखून.

४

आतां त्या नाताळच्या दिवसाकडे वळूं. प्रथम मितीचा निर्णय. इंग्रज त्या काळीं जुनी गणना पाळीत. नवी गणना त्यांनीं १७५२ त घेतली. तेव्हां कॉबचा २५ डिसेंबर १७१८ हा नव्या गणनेनें ५ जानेवारी १७१९ होतो. आपल्याकडे तो शके १६४० च्या पौषांत, पौर्णिमेच्या सुमारास पडतो. मराठी कागदांशीं ताळा घालतांना हे अकरा दिवस विसरल्यास घटनांची मागची पुढची बाजू उलटी होण्याचा संभव असतो.

कॉब सांगतो कीं देऊळ हिरव्या पानांनीं व फांद्यांनीं शृंगारलें होतें; गव्हर्नर आपल्या कौन्सिलासह आला; एका मुलाचा बाप्तिस्मा झाला; उपासनेनंतर नव्या देवळाच्या उत्कर्षासाठीं मंडळींनीं पेला घेतला. आणि बाहेर एतद्देशीय लोकांची गर्दी होती. तींत रामाजी व त्याच्या जातीचे लोक होते; उपासनेची शिस्त व नीटनेटकेपणा त्यांस इतका आवडला कीं ते अखेरपर्यंत उभे राहिले.

या शेवटल्या वाक्यांतील आवडीचा भाग पाद्र्याचा आहे. कोणी उभा राहिला ही गोष्ट डोळ्यांस दिसते. कां उभा राहिला ही दिसत नाहीं. रामा कामती हा शेणवी गृहस्थ कंपनीच्या देशी शिपायांवरील सरदार होता. गव्हर्नर सर्व लवाजम्यासह ज्या समारंभास आला तेथें त्यानें हजर राहणें हा नोकरीचा भाग होता, आणि तो कॉबच्या उपासनेवर मोहित झाला होता असें मानण्याचें कारण नाहीं. या रामा कामतीचा स्वतःचा धर्म कोणता व त्याची श्रद्धा कोठें होती हें दुसऱ्या एका वास्तूवरून स्पष्ट होतें. वाळकेश्वराचें देऊळ त्यानेंच १७१५ त पुन्हां उभें करविलें. ज्या वर्षीं कॉबनें आपल्या देवळासाठीं हात पसरला त्याच वर्षीं त्याच बेटावर रामा कामती आपलें देऊळ बांधवीत होता. मुंबईच्या इतिहासांत हीं दोन्ही देवळें शेजारीं ठेवून क्वचितच पाहिलीं जातात; एक पाद्र्यांच्या पुस्तकांत राहतें, दुसरें स्थलपुराणांत.

तेव्हां रामाच्या मनाविषयींची कॉबची साक्ष सोडून द्यावी आणि त्याच्या उपस्थितीविषयींची ठेवावी. उपस्थितीची साक्ष मात्र बळकट आहे, व तिला एक विशेष महत्त्व आहे. पुस्तक १७६६ त निघालें, म्हणजे रामा कामतीस शिक्षा होऊन ४६ वर्षें लोटल्यावर. राजद्रोही ठरलेल्या माणसाचें नांव आपल्या गौरवाच्या दिवसाच्या वर्णनांतून गाळणें कॉबला अगदीं सोपें होतें. त्यानें तें गाळलें नाहीं. यावरून रामा निर्दोष होता असें सिद्ध होत नाहीं. परंतु हा भाग मागाहून रचलेला नसून त्या वेळच्या टिपणावरून आलेला असावा, या अनुमानास त्यावरून पुष्टि मिळते.

५

त्या नाताळापूर्वीं महिना दीड महिन्यावरच काय घडलें होतें? गव्हर्नर बून यानें स्वतः आरमार घेऊन खांदेरीवर स्वारी केली होती. थळच्या समोरचें हें बेट शिवछत्रपतींनीं १६७९ त तटबंदी करून इंग्रजांच्या नाकासमोर आणून ठेवलेलें. आतां तें कान्होजी आंगऱ्यांच्या हातीं होतें. नोव्हेंबर १७१८ ची ही स्वारी साफ फसली. विजयदुर्गावरील इंग्रजांचा हल्लाही त्यापूर्वीं असाच फुकट गेला होता. जो गव्हर्नर नाताळच्या दिवशीं देवळांत येऊन बसला तो अपयश पदरीं घेऊन परतलेला होता, हें कॉबच्या वर्णनांतील हिरव्या फांद्यांआडून दिसत नाहीं.

अपयशास कारण लागतें. १७२० त तें सांपडलें. रामा कामतीनें कान्होजीस पत्र लिहून इंग्रजांचा बेत आधींच कळविला, असा आरोप उभा राहिला. त्याच्या नांवाचें व शिक्क्याचें पत्र पुढें करण्यांत आलें. त्याच्या पदरच्या एका कारकुनाच्या अंगठ्यांस पेच घालून हवा तो जबाब घेण्यांत आला. रामा दोषी ठरला. त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि मुंबईच्या किल्ल्यांतील तुरुंगांतच त्यानें १७२८ त देह ठेवला. पुढें १८५४ त फिलिप अँडर्सन यानें पश्चिम हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथांत हें प्रकरण उघड करून, पत्रें बनावट होतीं व रामा कटास बळी पडला, असें स्पष्ट म्हटलें. अँडर्सन हा स्वतः कंपनीचा पाद्री. आपल्याच लोकांविरुद्ध त्यानें दिलेला हा अभिप्राय म्हणून दुप्पट वजनाचा आहे.

परंतु अँडर्सनचा अभिप्राय हा इंग्रजी वाचकाचा अभिप्राय होय. मराठी कागद रोज हाताळणाऱ्यानें त्या पत्राकडे पाहिल्यास काय दिसतें? छापील ग्रंथांतून आपणांपुढें येतें तें इंग्रजी भाषांतर. त्याच्या मायन्यांत कान्होजीस सूर्यासारखा तेजस्वी, शूर, उदार, धैर्याचा आधारस्तंभ, ब्राह्मणांचा रक्षक, धर्माचा पालक अशीं विशेषणांवर विशेषणें लावलेलीं आहेत, आणि नांवापूर्वीं ‘सेन्योर’ हा पोर्तुगीज शब्द आहे. आंगऱ्यांस येणाऱ्या त्या काळच्या पत्रांचा मायना आपल्या परिचयाचा आहे : ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’, मग नांव, ‘सरखेल’ हा हुद्दा, आणि ‘गोसावी यांसि’. या ठराविक शब्दांचें कोणी दुभाष्यानें विस्तारानें भाषांतर केलें असेल, किंवा बनावट करणाऱ्यानें पत्र भारदस्त दिसावें म्हणून मायना फुगविला असेल. ‘सेन्योर’ या शब्दावरून पत्र पोर्तुगीज जाणणाऱ्या दुभाष्याच्या हातून इंग्रजींत आलें असावें असें दिसतें. त्या काळीं मुंबईस पोर्तुगीज ही व्यवहाराची मधली भाषा होती. म्हणजे न्यायासनापुढील शब्द आणि कागदावरील शब्द यांमध्यें निदान एक, बहुधा दोन, भाषांचें अंतर होतें. अशा कागदावरून लेखकाची शैली ओळखणें शक्य नाहीं.

मग ओळख पटविण्यास उरलें काय? शिक्का. आपल्यापैकीं ज्यांनीं दप्तरें चाळलीं आहेत त्यांस शिक्क्याची किंमत सांगावयास नको. व्यापारी व सरदार यांचे शिक्के कारकुनांच्या हातीं असत; लाखोटा बंद करण्याचें काम तेच करीत; शिक्का पाहून दुसरा खोदविणें हें कसबी सोनारास अवघड नव्हतें. म्हणून अस्सल पत्राची परीक्षा करतांना आपण एकट्या शिक्क्यावर कधींच थांबत नाहीं. हस्ताक्षर, मोडीचें वळण, कागद, मितीची पद्धत, शेवटचें ‘बहुत काय लिहिणें, हे विनंति’, हें सर्व एकत्र पाहतों, आणि त्याच माणसाचें निर्विवाद दुसरें पत्र शेजारीं ठेवतों. रामा कामती वर्षानुवर्षें कंपनीच्या चाकरींत होता. त्याच्या हातचे हिशेब, पावत्या, याद्या कंपनीच्याच कचेरींत असणार. तेच बाहेर काढून ताडून पाहणें हा सर्वांत सरळ मार्ग होता. निकाल त्यावर न बसतां शिक्क्यावर आणि अंगठ्याच्या पेचावर बसला, यांतच खटल्याचा दुबळेपणा आहे.

पत्राच्या मजकुरावरूनही लेखक ठरत नाहीं. खांदेरीवर आरमार जाणार ही बातमी मुंबईच्या बंदरांत लपण्यासारखी नव्हती. गलबतें सज्ज होत होतीं, शिबंदी भरत होती, धान्य चढत होतें. समोरच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या प्रत्येक मचव्याच्या तांडेलास तें दिसत होतें. ज्या गुपिताचे साक्षीदार शेंकडों, तें बाहेर गेलें म्हणून एकाच माणसाकडे बोट दाखवितां येत नाहीं. दुसऱ्या बाजूनेंही न्याय केला पाहिजे. रामा कामतीसारख्या वजनदार शेणव्याचे नातेवाईक, कुळें व व्यापारी संबंध खाडीच्या दोन्ही तीरांस असणें अगदीं स्वाभाविक आहे. तेव्हां आंगऱ्यांच्या मुलखांशीं त्याचा पत्रव्यवहार मुळींच नव्हता असें प्रतिपादणें धाडसाचें होईल. परंतु पत्रव्यवहार असणें निराळें आणि हें पत्र त्याचें असणें निराळें.

येथें आपल्याकडील एका संभाव्य मोहाविषयीं इशारा देणें अवश्य वाटतें. उद्यां एखादा अभिमानी लेखक रामा कामतीस स्वराज्याचा गुप्त हितचिंतक ठरवील, मुंबईंत बसून सरखेलांस खबर देणारा वीर म्हणून त्याचें चरित्र रंगवील. तसें करतांना त्याचा आधार कोणता असेल? तेंच पत्र. इंग्रजांनीं ज्या कागदावरून त्यास द्रोही ठरविलें त्याच कागदावरून आपण त्यास देशभक्त ठरविल्यास त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल. आठ वर्षें तुरुंगांत काढणाऱ्या त्या माणसानें जें केल्याचें सिद्ध नाहीं तें आपण त्याच्या माथीं मारूं, मग तें स्तुति म्हणून कां असेना.

६

शेवटीं पुण्याच्या दृष्टीनें दोन शब्द. पुण्यांतही ख्रिस्ती देवळांचा इतिहास आहे व तो दोन निराळ्या राजवटींचा आहे. क्वार्टर गेटजवळील रोमन कॅथॉलिक देऊळ, ज्यास सिटी चर्च म्हणतात, सवाई माधवराव पेशव्यांनीं १७९२ त दिलेल्या जागेवर, पेशव्यांच्या फौजेंतील ख्रिस्ती लोकांसाठीं निघालें. त्याच जागीं आजची मोठी इमारत पुढें इंग्रजी अमलांत झाली. कॅंपांतील सेंट मेरीचें देऊळ मात्र सर्वस्वी इंग्रजी लष्कराचें. १८२५ त कलकत्त्याचा बिशप हीबर पुण्यास आला असतां त्यानें त्याची प्रतिष्ठा केली. १८३८ त दापोडीस वारलेला मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट याचें दफन याच देवळांत आहे. हीबरचें प्रवासवृत्त त्याच्या मृत्यूनंतर १८२८ त प्रसिद्ध झालें. त्यांत, स्वतः प्रतिष्ठा केलेल्या या देवळास तो ऐसपैस व सोईचें म्हणतो, पण त्याची घडण रसिकतेची नाहीं, आणि निळसर रंगावर पांढऱ्या रेघा ओढून तें बाहेरून आणखीच कुरूप केलें आहे, असा शेराही मारतो. कॉब आणि हीबर यांचे हे दोन लेख शेजारीं ठेवून वाचावे. एक आपल्या हातच्या कामाविषयीं बोलतो, दुसरा पाहुणा आहे. पाहुण्याची निंदा आणि मालकाची स्तुति या दोहोंतून माप काढावयाचें असतें, आणि तें काढण्यास वास्तु स्वतः उभी असली म्हणजे काम सोपें होतें.

रामा कामतीच्या प्रकरणांत ही सोय नाहीं. तेथें देऊळ उभें आहे, पण देवळाबाहेर उभा असलेला माणूस केवळ कागदांवर उरला आहे. म्हणून तो शोधावयाचा तो कागदांतच. राजवाडे यांनीं घालून दिलेली शिस्त हीच कीं, भाषांतरावर व दुसऱ्याच्या सारांशावर न विसंबतां अस्सलाचा पाठपुरावा करावा. मुंबई, साष्टी, कुलाबा व गोवा येथील जुन्या शेणवी घराण्यांचीं दप्तरें, वाळकेश्वराच्या पुजाऱ्यांकडील व इनामदारांकडील कागद, आंगऱ्यांच्या आश्रितांच्या वंशजांकडील रुमाल, यांत १७२० पूर्वींची रामा कामतीची एखादी पावती, एखादें खत, एखादा शिक्का उमटलेला तुकडा सांपडण्यासारखा आहे. त्या तुकड्यास इतर दृष्टीनें कांहींच किंमत नसेल. त्यांत लढाई नसेल, तह नसेल, कदाचित् चार खंडी भाताचा हिशेब असेल. परंतु शिक्क्याची खरी आकृति व हाताचें खरें वळण आपल्यापुढें येईल, आणि तीनशें वर्षांपूर्वीं जी ताडणी व्हावयास हवी होती ती करण्याचें साधन हातीं लागेल. संग्राहकांनीं असा तुकडा क्षुल्लक म्हणून रद्दींत टाकूं नये. त्याचें छायाचित्र घ्यावें, कागदाचें माप टिपावें, तो कोणाच्या दप्तरांत व कोणत्या रुमालांत निघाला हें लिहून ठेवावें, आणि मग तो वाचावयास घ्यावा.